काकांचा मोरचूद

बोईसरकडच्या माहीमला आमच्या पानवेलीच्या वाडीत बोर्डोचं औषध फवारलं आणि आठवडा उलटायच्या आत पानं करपली. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून हे औषध बनतं, वेलींना बुरशी धरू नये म्हणून. मोरचूद काकांनी आणला होता. बाबांनी वाडीतल्या गड्यांसमोर त्यांना विचारलं, "स्वस्तातला भेसळीचा उचललास ना?" काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते तसेच घरी निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून वाडीत यायचेच बंद झाले.

आमचे बाबा एकदा बोलले की बोलले. शब्द मागे घ्यायचा तर त्यांच्या जिवावर येतं. हे मी कौतुकानं लिहीत नाही, कारण तो गुण माझ्यातही पुरेपूर उतरलाय.

मी बोईसरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. एका सकाळी काका नाक्यावर माझी वाट बघत उभे होते. हातात दुधाची रिकामी पिशवी, तिच्यात मूठभर निळे खडे. "तू तिकडं तपासतेस ना सगळं? हे बघ काय हाय ते. आणि दादाला तूच सांग. माज्यावर त्याचा इस्वास नाय." साठीला आलेल्या माणसानं आपला खरेपणा पिशवीत घालून पुतणीच्या हाती द्यावा, याचा मला संताप आला. बाबांचाच.

साहेबांची परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत कामाला लागले. शुद्ध मोरचुदात शंभरातले छत्तीस भाग नुसतं पाणी असतं, खड्यात बांधलेलं. तापवलं की ते उडून जातं, निळा रंगही जातो आणि मागे पांढुरकी भुकटी राहते. हिराकस, म्हणजे लोखंडाचा स्वस्त क्षार, मिसळलेला असता तर वजनातली घट जास्त आली असती, मीठ असतं तर कमी. क्रूसिबल, म्हणजे चिनीमातीची इवलीशी वाटी, आधी रिकामी तोलली, मग कुटलेले खडे घालून तोलली आणि भट्टीत ठेवली. आच बेताची लागते, नाहीतर भुकटी काळी पडते आणि सगळी मेहनत वाया. थंड करायची तीसुद्धा झाकणबंद काचेच्या भांड्यात, कारण आमच्या दमट हवेत ती पुन्हा पाणी ओढते. मग तोलायचं, परत तापवायचं, परत तोलायचं, वजन घटायचं थांबेपर्यंत. रोज पगारासाठी हेच करते. पण त्या दिवशी आकडा स्थिर होईस्तोवर माझा जीव टांगणीला लागला होता.

घट छत्तीसला किंचित कमी भरली. मोरचूद चोख होता.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. "तुमची मशिनं चुकत नाय काय कधी?" ते म्हणाले. मी दोनदा केलंय, असं मी ताठ्यातच सांगितलं. ते उठून पडवीत गेले. आता रुसून बसणार, असं मला वाटलं. बऱ्याच वेळानं आले ते कागदाची पुडी घेऊन. आत चुना होता. चुना त्यांनी स्वतः आणलेला.

"हा पण तापव," म्हणाले.

पुडी घेताना मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं.

ताजा कळीचा चुना पाण्यात पडला की पाणी कढत होतं, पण तो नुसता कितीही तापवा, त्याचं वजन फारसं घटत नाही. उघड्यावर राहून हवा खाल्लेल्या चुन्याचं घटतं, कारण त्याचा खडू झालेला असतो आणि खडूतला वायू आचेनं उडून जातो. या खेपेला भट्टी लालबुंद करावी लागली. बाबांच्या चुन्याचं वजन निम्म्याच्या आसपास उतरलं. मोरचुदाचा जहालपणा मारायला त्यात जोरच उरला नव्हता, म्हणून पानं जळली.

मी सांगितलं तेव्हा बाबा जेवायला बसत होते. ताट तसंच ठेवून ते निघाले, आणि मागोमाग मीही. काका त्यांच्या ओट्यावर नारळ सोलत होते.

"चुना माजा फुकट गेलेला," बाबा उभ्या उभ्याच म्हणाले. "तुजा मोरचूद चोख हाय."

"ठावं हाय मला," काका म्हणाले. "चुना कालवला तेव्हा पाणी तापलंच नव्हतं. पानं करपल्यावर माज्या ध्यानात आलं."

"मग मी बोललो तेव्हा सांगितलंस का नाय?"

काकांनी हातातला नारळ खाली ठेवला.

"गडी उभे होते ना, दादा. त्यांच्यासमोर तुला कसा बोलू?"