ओढ्यापलीकडची सुंदरा

सुंदरा भित्री होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं लोक तिच्या धाडसाच्या गोष्टी सांगू लागले आणि त्या ऐकून ती चक्क वैतागायची. ती पालीला भ्यायची, विजेला भ्यायची आणि सगळ्यांत जास्त पटकीला भ्यायची.

पटकीनं तिचा नवरा नवशा नेला होता. नवशानं ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा गावानं त्यांना कळंबच्या वाटेवर, ओढ्यापलीकडं झोपडी बांधायला लावली. गावाची शीव त्या ओढ्याशी संपायची. नवशा आजारी पडला आणि पाणी पाणी करू लागला. पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत. सुंदरानंही दिलं नाही. पुढं ती मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून राहिली, तेव्हा तिला कळलं की उकळून गार केलेलं मिठाचं पाणी घोट घोट पाजलं असतं तर तो कदाचित जगला असता. त्यानंतर दोन दिवस ती जेवली नाही.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात पटकी पुन्हा गावात शिरली. गावानं रीतीप्रमाणे मरीआईचा गाडा केला. लहानसा लाकडी गाडा, त्यावर हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं. तो ओढत शिवेपार नेऊन सोडला की रोगही त्याच्याबरोबर जातो. मग शीव बांधायची, म्हणजे तीन दिवस पलीकडच्या कुणी आत पाऊल टाकायचं नाही; टाकलं तर रोग त्याच्यामागून परत येतो. गाडा ओढायचा मान कोंडाजीचा. त्यानं तो ओढ्यापार नेला आणि सुंदराच्या दारापासून दहा पावलांवर सोडला. तिथं माणूस राहतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सुंदरानं सात वर्षांच्या पारूला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. तरी आवाज आत आलाच. ओढ्याच्या त्या काठावरचं पहिलं घर कोंडाजीचं, आणि त्याची बायको बायजा सकाळपासून पाणी मागत होती.

शेजाऱ्यावर स्वतःइतकी माया करावी, असं पाद्रीबाबा दर रविवारी सांगत. त्यांचं काय जातंय सांगायला, सुंदरा मनात म्हणाली. त्यांच्या शेजारी पेरूची बाग आहे. तिनं दोन्ही कान दाबून धरले आणि रडली. हाक बायजाची होती, पण तिला नवशा ऐकू येत होता.

शेवटी तिनं पाणी उकळून गार केलं, त्यात मीठ टाकलं.

"मी दिवस मावळंपर्यंत आले नाय, तर कळंबला दवाखान्यातल्या सोनुबाईकडं जा," ती पारूला म्हणाली. "हितं थांबू नको."

पलीकडच्या काठावर माणसं काठ्या घेऊन उभी होती. पुढं कोंडाजी.

"पाय टाकू नको, सुंदरा. शीव बांधलेली हाय."

तिनं घागर दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"कोंडाजीभाऊ, माज्या नवऱ्याला मी पाणी दिलं नाय, म्हणून त्यो गेला. मला मारायचं तर मारा, पण आदी बायजाला पाजू द्या."

कोंडाजीची काठी वर गेली ती वरच राहिली. घरातून पुन्हा हाक आली, आधीपेक्षा बारीक. तो बाजूला झाला.

पारू कळंबला गेली. तीन दिवस सुंदरानं बायजाला चमचा चमचा पाणी पाजलं, घाण उपसली, आणि भीतीनं तिचे दात वाजत राहिले. बायजा वाचली. गावात आणखी दोघं गेली. त्याचं खापर अर्थात सुंदरावरच फुटलं.

तीन वर्षांनी पटकी परत आली आणि गाडा परत निघाला. दारातून तो येताना दिसला तशी सुंदरा दाराची कडी घट्ट धरून उभी राहिली. कोंडाजी गाडा ओढत ओढ्यापर्यंत आला आणि थांबला.

"वड ना रं," मागून लोक म्हणाले.

"म्होरं घर हाय."

"किरिस्तावाचं हाय ते."

"घर हाय ना पर."

मग कोंडाजीनं गाडा वळवला आणि स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या भिंतीला टेकवून ठेवला. सगळा रोग आपण घरात घेतला, अशी त्याची खात्री होती. त्याचे हात इतके कापत होते की गाड्यावरच्या बांगड्यांचा आवाज ओढ्यापलीकडं सुंदराला ऐकू आला.

तिनं चूल पेटवली आणि मोठ्या हंड्यात पाणी उकळायला ठेवलं.