इशेनालीच्या टाकीतले गवत

काराकोल गावात दातांच्या कवळ्या करणाऱ्या इशेनालीने घरात समुद्र पाळला होता. तीनशे लिटरचा. इतरांच्या घरी ज्या भिंतीवर गालिचा टांगलेला असतो, तिथे त्याच्याकडे काचेची टाकी होती. आत दोन नारिंगी मासे, काही खडक आणि एक प्रवाळ. ते प्रवाळ त्याची मुलगी ऐझिरेक हिने मॉस्कोहून थर्मासमध्ये घालून आणले होते. तेव्हा त्याला सात तोंडे होती, प्रत्येकाभोवती हिरवट बोटांचा डोलणारा झुबका. आता तीन उरली होती, आणि ऐझिरेक ऑगस्टमध्ये येणार होती.

बाकीची चार शेवाळाने गिळली. केसांसारखे लांब, हिरवेगार शेवाळ. इशेनाली रोज कामावरून आला की बाह्या सरसावून, दातांवरचे कीटण काढायच्या आकड्याने खडक खरवडत बसे. आठवड्यात ते पुन्हा तितकेच. त्याने दिवे कमी केले, माशांना एक दिवसाआड खायला घातले, गोगलगायी आणल्या. गोगलगायी खाऊन खाऊन दमल्या.

शेजारचा झारिलबेक मेंढपाळ. त्याला या टाकीची फार मजा वाटे.

"बायके," तो इशेनालीला थोरल्या भावासारखा मान देऊन म्हणे, "एवढं गवत पिकवताय, तर एखादी मेंढी सोडा की आत."

"मेंढीला पोहता येत नाही."

"शिकेल. माझ्या मेंढ्या हुशार आहेत."

इशेनालीने सगळे तपासून पाहिले होते, एक सोडून. मीठ कालवण्याआधीचे पाणी. ऐझिरेक फोनवर सांगे, गाळणयंत्र बसवा. "तुझ्या आजोबांच्या झऱ्याचं पाणी गाळायचं?" एवढे म्हणून तो विषय संपवी. डोंगरउतारावरचा तो झरा त्याच्या वडिलांनी दगड रचून बांधला होता. गाव अजून त्यांच्याच नावाने तो ओळखे. दर गुरुवारी इशेनाली तिथून कॅन भरून आणी.

एप्रिलमध्ये आणखी एक तोंड मिटले ते उघडलेच नाही. त्या गुरुवारी तो परीक्षानळी खिशात घालून झऱ्यावर गेला. आसपास कुणी नाही हे पाहून त्याने पाणी घेतले, औषधाचे थेंब टाकले. पाण्यात शेवाळाला पोसणारे खत जितके जास्त, तितका रंग लाल. पाच मिनिटे थांबावे लागते. तो वडिलांनी रचलेल्या दगडावर बसला, आणि काय वाटले कोण जाणे, लगेच उठून उभा राहिला. पाणी पिवळे झाले, मग गुलाबी, मग लाल. टाकीतल्यापेक्षाही लाल.

त्याने वर पाहिले. झऱ्याच्या अगदी माथ्यावर झारिलबेकचा मेंढवाडा होता. तीन वर्षांपूर्वीच बांधलेला.

घरी बायकोने, साल्कीनने, विचारले, "अहो, कॅन रिकामे कसे?"

"पाणी बिघडलंय."

"अगंबाई! मग आपण इतके दिवस काय पीत होतो?"

"चहा."

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी झारिलबेक भेटला. "काय बायके, सोडली का मेंढी?"

"सोडलीय की. तीन वर्षं झाली. तुझीच आहे."

झारिलबेक हसला. इशेनाली हसत नाही हे पाहून थांबला. मग त्याची नजर हळूहळू डोंगराकडे गेली.

"म्हाताऱ्याच्या झऱ्यात?" तो हलक्या आवाजात म्हणाला.

"लेंड्यांचं पाणी वरून पाझरतं."

"हलवतो वाडा. कोकरं जरा मोठी होऊ देत."

नळाच्या पाण्यासाठी गाळणयंत्र आले. जूनमध्ये शेवाळ पिवळे पडून आकड्याला गुंतून सहज निघू लागले. वाडाही हलला.

ऑगस्टमध्ये ऐझिरेक सामान न ठेवताच टाकीसमोर उभी राहिली.

"दोनच?"

"दोन."

ती काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. दोन्ही झुबके पूर्ण फुललेले होते.

"आणि आजोबांचं पाणी? बंद केलंत आणायचं?"

इशेनालीने खिडकीबाहेर बोट दाखवले. अंगणातल्या जर्दाळूच्या फांद्यांना या वर्षी फळांच्या भाराने टेकू द्यावे लागले होते.

"त्यांना घालतो. त्यांना मानवतं."

"आता तर वाडा हलला म्हणे. परत तपासलंत का?"

"बघू," तो म्हणाला, "एखाद्या गुरुवारी."