वेदीपुढचा दुधी

आमच्या चर्चच्या मंडळीची रीत अशी, की हंगामाच्या सणाला प्रत्येकानं आपल्या हातचं पहिलं फळ देवाला आणायचं. घरी चाखायचं नाही, सरळ वेदीपुढे ठेवायचं. उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि त्या घरोघरी जातात. आता निगडीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं पिकवायचं काय? बहुतेक जण मंडईतून पपई घेतात आणि तोंड वर करून 'घरची' म्हणून ठेवतात. मला त्याचा भयंकर राग. म्हणून यंदा मी खरोखर स्वतःच्या हातचा, हातभर लांब दुधी नेला, आणि तिथंच माती खाल्ली.

मी महाळुंग्यातल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर आहे. सुट्या भागांना चकाकी देऊन उरलेलं पाणी माझ्याकडे येतं. त्यातलं क्रोमियम, निकेल खाली बसवायचं, गाळ पोत्यात भरायचा आणि निवळलेलं पाणी आवारातल्या झाडांना सोडायचं. आकडे मर्यादेत असतात, मीच रोज लिहितो. पण ती मर्यादा शोभेच्या झाडांची. नळावरची 'हे पाणी पिऊ नये' ही पाटीसुद्धा माझ्याच हातची. त्याच नळाशेजारी, भिंतीला लागून, मी दुधीचा वेल चढवला होता.

पहिला भोपळा धरला तेव्हा बायको म्हणाली, "कंपनीच्या पाण्यावरचं ते माझ्या स्वयंपाकघरात आणायचं नाही, सांगून ठेवते."

"आणतंय कोण? पहिलं फळ देवाचं असतं," मी फटकन म्हणालो. वादात जिंकलो म्हणून दिवसभर खूशही होतो.

सांडपाणी शुद्ध करून त्यावर वाढवलाय, एवढंच मी पाळकसाहेबांना सांगितलं होतं. रविवारी त्यांनी भोपळा दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवला. "कारखान्याचं सांडपाणी, आणि त्यातून हे! देवानं सृष्टी आपल्या हाती सोपवली. ती राखणारा कारभारी असा असतो." पुढच्या रविवारी सृष्टीच्या जतनावर मीच बोलावं, असंही त्यांनी जाहीर करून टाकलं. माझी छाती फुगली. लिलावात भोपळा घेतला तो मंडळीतल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी. त्यांच्या दुखऱ्या किडनीसाठी आम्ही दर बुधवारी प्रार्थना करतो. पिशवीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी कच्चाच रस काढते. किडनीला चांगला म्हणतात."

मला नळावरची पाटी आठवली. तेव्हाच सांगायला हवं होतं. बाई समोरच तर होत्या. पण लोक माझी पाठ थोपटत होते आणि मी आपला हसत राहिलो. आज लिहितानाही त्या हसण्याची मला किळस येते.

दुपारी जेवण अर्धं टाकून उठलो. एका भोपळ्यानं काय होतंय, असं स्वतःला समजावलं. मग लेका, तू का नाही खाल्लास? बाईंना फोन लावायला दोनदा घेतला, दोनदा ठेवला. लावला तर मंडळीत तोंड कुठं दाखवायचं, आणि नाही लावला तर... पुढचं मनात आणवत नव्हतं. बायको सगळं बघत होती. "मी म्हटलं तेव्हा राग आला होता ना तुम्हाला?" एवढंच म्हणाली.

सोमवारी उजाडताच बाईंची बेल वाजवली. आत ओट्यावर भोपळा अर्धा सोललेला, शेजारी मिक्सरचं भांडं. "बाई, पिऊ नका!" आधी एवढंच ओरडलो. मग सगळं सांगितलं, पाटीसकट. त्यांनी सोलणी खाली ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्या घरी याची भाजी केली असतीत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग देवाला कशी चालेल असं वाटलं?"

बाईंनी भोपळा सालींसकट पिशवीत भरून माझ्या हातात दिला. "रविवारी बोलणार आहात ना? हेच बोला."

रस्त्यावर घंटागाडी उभी होती. पिशवी टाकणार तोच आठवलं, कचऱ्यात गाई तोंड घालतात. देवा रे, आता ही पिशवी ठेवू तरी कुठं? शेवटी स्कूटरला अडकवून कामावर नेली. वेल मुळासकट उपटला आणि वेल, भोपळा, साली, सगळं गाळाच्या रिकाम्या पोत्यात कोंबलं. पोत्यावर पिवळं लेबल लागतं. 'धोकादायक कचरा' हे छापलेलं असतं. आत काय आहे ते हातानं लिहायचं. मी लिहिलं, 'दुधी भोपळा, एक. देवापुढे ठेवलेला.' खाली जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात सही केली.