पोचवायला जाणारी माणसं

आमची मुलगी आमच्या घरी आली तीच पाच वर्षांची होऊन. लोकांची मुलं रडत येतात. आमची एक निळी बॅग घेऊन आली आणि दारात चपला काढून ओळीने लावून आत शिरली. ओळीत तिच्या दोनच चपला होत्या, पण ओळ सरळ होती. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा, बायको सेहेचाळीसची. धारगळला हायवेच्या कडेला माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. बायको डिचोलीच्या एका शाळेत शिकवते. म्हणजे मुलांचा अनुभव तिला रोज चाळीसचा, आणि मला बॅटऱ्यांचा.

कागदावर ती अजून आमची नव्हती. दत्तक घेताना संस्था आधी मूल सांभाळायला देते, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. गणपतीची चवथ झाली, सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, आदेश काही निघेना. मी दर सोमवारी संस्थेला फोन करायचो. तिथल्या ताई शांतपणे सांगायच्या, की सगळं नीट चाललंय, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटलं की ती कुठे ठेवायची हे मात्र कोणी सांगत नाही. मी ती दुकानात ठेवली. त्या तीन महिन्यांत दोन गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या मी उलट्या जोडून आलो.

मला पापा ती पहिल्याच मिनिटाला म्हणाली. संस्थेत आमच्या फोटोंचा आल्बम दाखवून तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मी वितळलो. आठवडाभराने कळलं की सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालाही ती पापाच म्हणते.

ती सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या संस्थेतली. तिला मराठीच यायची, आणि आमच्या वाड्यावरची वस्ती सगळी ख्रिस्तांवांची, कोंकणी बोलणारी. पण पेडण्यातल्या आमच्या पिढीने अक्षरं गिरवली ती सरकारी मराठी शाळेत, तेव्हा सगळ्यांनी आपापलं चौथीपर्यंतचं मराठी पेटीतून बाहेर काढलं. शेजारच्या आंटी, वय सत्तरच्या पुढे, कुंपणावरून तिला धड्यातल्यासारखं विचारायच्या, "बाळ, तू भोजन केलेस काय?" कोणी फ्रॉक आणले, कोणी सायकल. ती आली त्या दिवशी तर दारात फुलं, मेणबत्त्या, गाणं, फोटो. पाद्री घर आशीर्वादायला आले होते. अख्खा वाडा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून तिचा चेहरा बघत होता. आम्हाला वाटलं, ह्याहून चांगलं स्वागत कसलं असतं?

नोव्हेंबरात आमच्याकडे सायबीण फिरते. सायबीण म्हणजे मारियामातेची मूर्ती. कपेलातून, म्हणजे वाड्यावरच्या छोट्या चर्चमधून निघते आणि वाड्यावरच्या एकोणीस घरांत एकेक दिवस राहते. रोज संध्याकाळी सगळे जमून तिला एका घरातून दुसऱ्या घरी पोचवतात, तिथे तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटतात. आमचं घर यादीत अकरावं. पण यंदा वाड्याने ठरवलं, की ह्यांच्याकडे मूल आलंय, आदेश अडलाय, पहिला मान ह्यांना. यादीत आजवर असा फेरफार कधी झालेला नव्हता. यादी आमच्यापासून सुरू झाल्यामुळे दहावं घर शेवटी गेलं, त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनीच सर्वांत जास्त फुलं पाठवली.

मूर्ती आमच्या टेबलावर बसली तेव्हा मुलगी तिच्यासमोरून हलेना. ही कोण, इथेच राहणार का, असं विचारत होती. बायको स्वयंपाकघरात चण्यांत खोबरं घालत होती. ती असती तर चार शब्दांत उरकलं असतं. मी मात्र मांडी घालून बसलो आणि जन्मभरात केलं नव्हतं इतकं चांगलं निरूपण केलं. म्हटलं, ही सगळ्यांची असते. एका घरात कायमची राहत नाही. सगळे तिचे लाड करतात, फुलं घालतात, गाणी म्हणतात, आणि मग दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या घरी घेऊन जातात. तिथेही तिचे लाड होतात. ती रडत नाही.

मुलीने मान हलवली. मी खूश झालो. शिकवणं काही एवढं अवघड नसतं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूर्ती न्यायला लोक अंगणात जमले आणि मुलगी खोलीतून बाहेर आली. हातात निळी बॅग. आत दोन फ्रॉक, दात घासायचा ब्रश, कंगवा. चपला पायात.

कुठे निघालीस, असं मी विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, की काल हेच तर सांगितलंत ना. रडत नव्हती. न रडण्याचंही मीच सांगून ठेवलं होतं.

तेव्हा मला ते सगळं एकदम दिसलं. फुलं, मेणबत्त्या, गाणं, गुडघ्यांवर बसलेली तीच माणसं. मी बोलायला लागलो. तू वेगळी, ती मूर्ती, तू आमची, आदेश येणार आहे, जिल्हाधिकारी... जिल्हाधिकारी हा शब्द पाच वर्षांच्या मुलीपुढे मी दोनदा उच्चारला. बायकोने मला दंडाला धरून बाजूला केलं.

"सांगून झालं की रे तुझं," ती म्हणाली. "आता तिला चालत जाऊन बघू दे."

तिचा आवाज स्थिर होता, पण माझा दंड तिने सोडला नव्हता.

पुढचं घर आंटींचं, म्हणजे कुंपणाला वळसा घालून शंभर पावलं. गाणं म्हणत सगळे निघाले. मुलगी मूर्तीच्या अगदी मागे, बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी तिच्या मागे. तेर्स झाला. माझे मणी दर दहा जपांना चुकत होते. चणे खाऊन लोक पांगले, आणि मुलगी आल्ताराच्या, म्हणजे देव्हाऱ्याच्या शेजारी बाकावर बसून राहिली, पाहुणे गेल्यावर घरचं माणूस बसतं तशी.

आंटींनी रिकाम्या बशा गोळा करत तिला सहज विचारलं, की घरी कधी जातेस.

"मी आज इथे," ती म्हणाली. "आता तुमचा नंबर."

आंटी थांबल्या. मी दारात उभा होतो. काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, आणि बशांसकट तिच्या शेजारी बसल्या. धड्यातलं मराठी त्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवलं.

"मी नाही गो ठेवणार तुला. तुला ठेवली तर तुझी आई येऊन दारात बसेल, मग मला तिला पण जेवण घालावं लागेल. आणि तुझा पापा किती खातो ते मला माहीत आहे."

मुलीने मूर्तीकडे बोट केलं.

"ती वेगळी, बाय. तिला फिरायचं असतं. आम्ही बघ, आम्ही पोचवायला जाणारी माणसं. तिला पोचवतो, चणे खातो आणि आपापल्या घरी जातो. तू आजपासून आमच्यातली. मला ह्या गुडघ्यांनी चालवत नाही, तेव्हा उद्या माझा हात धरायला कोणीतरी पाहिजे. येशील?"

"आणि मग?"

"मग तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी."

आंटींचं म्हणणं तिला पटलं असं मी म्हणणार नाही. तिने ते तपासायला घेतलं. पुढचे पाच दिवस ती आंटींचा हात धरून रोज मिरवणुकीत चालली, बॅग खांद्याला लावून. रोज तेर्स संपला की माझ्याकडे बघायची, आता काय होतं ते पाहायला. मी म्हणायचो, चल घरी. वाटेत ती विचारायची, आणि उद्या? मी म्हणायचो, उद्यापण घरी. पाच दिवस, तोच प्रश्न, तेच उत्तर. वाड्यावर कोणी एका शब्दाने विचारलं नाही की पोरीच्या खांद्याला बॅग कशाला. फक्त सगळे निघताना जरा मोठ्याने म्हणायला लागले, "चला, आम्ही आमच्या घरी." मी हे ठरवून चाललेलं नाटक समजत होतो. कोणीच ठरवलेलं नव्हतं, हे नंतर कळलं.

सहाव्या दिवशी ती बॅगेशिवाय आली. मी काही बोललो नाही. बायकोने घरातून निघतानाच मला तशी तंबी दिली होती.

मूर्ती फेरीतल्या बाराव्या घरी जायची त्या संध्याकाळी मी हाक मारली, तर ती जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. वर न बघता म्हणाली, आज तुम्हीच जा, मी घरी आहे.

मी गेलो. सगळ्यांनी विचारलं, मुलगी कुठे? मी म्हटलं, घरी आहे. तीन-चार जणांना सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही. आणि मग तेर्सला बसलो तर बसवेना. ती घरी आहे, पण आहे ना? आदेश कुठे आलाय अजून? उद्या कोणी फोन करून म्हणालं की कागदात काही राहिलंय, तर? दुसऱ्या दशकाला, म्हणजे वीस जपही पुरे व्हायच्या आत, मी पोटात दुखतंय अशी खूण करून उठलो. आंटींनी असं बघितलं, की देवाला फसवशील, मला नाही.

धापा टाकत घरी पोचलो. दार ढकललं. ती तिथेच पालथी, बायको बाजूला शाळेच्या वह्या तपासत.

"संपला तेर्स?" मुलीने विचारलं.

"नाही."

"मग का आलात?"

मी नुसता उंबऱ्यावर उभा. तिने रंगाची पेन्सिल खाली ठेवली आणि कपाळाला आठी घातली.

"पापा, आत या आणि दार लावा. आपल्या घरात मच्छर येतात."