चार आत, सहा बाहेर

स्नेहलतागंजातल्या आमच्या दारात रिक्षा येऊन उभी होती आणि मी बॅग शेवटची तोलत होते. वजन जरासं जास्त भरलं. मी तणतणत बॅग उघडली आणि आईने स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलेली काशाची वाटी काढून तिच्या हातात दिली.

"अगं, राहू दे ना. घबराहट झाली की तळपायाला तूप लावायचं अन् घासायचं. दस मिनट में आराम."

"आई, जर्मनीत डॉक्टर असतात."

बाबा पायरीवर बसले होते, हात छातीवर. "कुछ नहीं, गॅस आहे. तू निघ," म्हणाले. कुणी गावाला निघालं, घरात कार्य निघालं की बाबांचं हे ठरलेलं. छाती धडधडायची, घाम फुटायचा, हात थरथरायचे. ईसीजी दर वेळी नॉर्मल. डॉक्टर म्हणायचे, मनाचं आहे. मग आई त्यांचे पाय मांडीवर घेऊन वाटी फिरवायची आणि तळवे काळे झाले की म्हणायची, "बघा, किती उष्णता निघाली!" मला या सगळ्याची लाज वाटायची. खरंच वाटायची.

जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना पहिल्या हिवाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. श्टुटगार्टच्या एका सुपरमार्केटात, हातात दूध घेऊन रांगेत उभी असताना माझी बोटं बधिर झाली, श्वास पुरेना, आणि मी तिथेच फरशीवर बसले. बाबांचंच दुखणं माझ्या अंगात आलं होतं. थेरपिस्टबाईंनी पहिल्याच सेशनला बूट काढायला लावले. तळपाय जमिनीला टेकव, टाचांवर भार दे, हात पोटावर. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मनाशी भांडू नकोस, अंगाला सांग की धोका टळलाय. मला हसू आलं. तळपायांपाशीच यायचं होतं, तर वाटीने काय घोडं मारलं होतं!

पण गुण आला. मग मी बाबांनाही शिकवलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते खुर्चीत ताठ बसायचे, चपला बाजूला, आणि मी मोजायचे. ज्या माणसाने जन्मात माझ्याशी "जेवलीस का" यापलीकडे बोलणं केलं नाही, तो डोळे मिटून माझ्या आवाजावर श्वास घ्यायचा. शेजारच्या शर्माजींना सांगायचे, "भिया, आपली लडकी फोन पे इलाज करती है." मला फार बरं वाटायचं. इथे येऊन काहीतरी कमावलं असं वाटायचं.

त्या मंगळवारी मी ऑफिसात पोचतच होते. तिकडे दुपार. बाबांचा फोन. "जरा मोज गं. आज जास्तच होतंय. डावा हात भारी वाटतोय."

मागून आई म्हणाली, "शर्माजींना गाडी काढायला सांगते."

आणि मी, इतक्या लांबून, खेकसले तिच्यावर. "आई, थांब जरा! तू गोंधळ घातलास की त्यांचं अजून वाढतं. बाबा, पाय जमिनीवर. चार आत."

वीस मिनिटं मोजलं मी. पहिली काही त्यांनी नीट केली. मग बाहेरचा श्वास चारवरच तुटायला लागला, आणि मी म्हणत राहिले, "छान, बाबा, अजून एक." शेवटी फोन खाली पडला आणि आईची हाक ऐकू आली. शर्माजींनी गाडी काढली. हॉस्पिटलात म्हणाले, आणायला उशीर झाला.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दुपारी आईने माझे पाय मांडीवर ओढले आणि वाटी फिरवायला लागली. मी म्हटलं, "आई, माझ्यामुळे गेले." ती "नाही" म्हणेल असं वाटलं होतं. तिने तळव्याला आणखी तूप लावलं. मग म्हणाली, "मला कळत होतं, आज वेगळं आहे. पण म्हटलं, तू शिकलेली आहेस."

त्यानंतर मला स्वतःसाठी मोजता आलेलं नाही. चारच्या पुढे गेले की बाबांचा तुटलेला श्वास ऐकू येतो. वाटी या वेळी मीच आईकडे मागून इकडे आणली. हाताशी ठेवते, पण स्वतःच्या हाताने स्वतःचे तळवे घासून काही होत नाही.

आता रविवारी फोन आई करते. बाबा गेल्यापासून तिच्याही छातीत धडधडतं. ती बाबांच्या खुर्चीत बसते, चपला बाजूला काढते आणि आधी ईसीजीचा कागद कॅमेऱ्यासमोर धरते. तारीख दिसेल असा. मी ती तारीख वाचते, रेघा निरखून बघते, त्यातलं मला काडीचं कळत नसलं तरी. माझं घर आता एवढंच उरलंय, तो कागद आणि तो धरलेला तिचा हात.

"बघितलंस?" ती विचारते. "नॉर्मल आहे. आता मोज."