एक इंच बाहेर

"आता पुरे" म्हणणारी माणसं माझ्या मावशीला सहन होत नाहीत, आणि नेमकी ती तशाच एका माणसाबरोबर राहते. तो माझा मामा, तिचा थोरला भाऊ. मी त्यांच्या मधल्या बहिणीची मुलगी. नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आले आणि या भांडणाची साक्षीदार झाले.

मावशी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि शिलाई मशीन दुरुस्त करते. दुकान नाही, पाटी नाही. कुणाचं मशीन टाके सोडायला लागलं की फोन येतो, आणि ही घडीच्या सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून निघते. अकरा वर्षं तीच सायकल. घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे सायकल घडी करून जिन्याखालच्या कोनाड्यात राहते. कोनाड्याचा नियम भिंतीवर लावलेला आहे: ठेवलेली वस्तू कडेच्या बाहेर येता कामा नये. नियम मामाने लिहिला, कारण इमारतीचा सेक्रेटरी तोच. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याने चाळीस वर्षं पाइपांचे नकाशे काढले. निवृत्त झाला तरी खिशात मोजायची टेप असतेच. पडदा अर्धा इंच आखूड निघाला म्हणून त्याने तो तीनदा परत पाठवलेला मी पाहिला आहे.

त्या मंगळवारी चौकात वळताना मावशीच्या डाव्या पायाखालचं पेडल तुटलं. पेडलचा दांडा सायकलच्या क्रँकमध्ये, म्हणजे ज्या लोखंडी पट्टीला पेडल बसतं तिच्यात, तसाच राहिला आणि पेडलचे तुकडे रस्त्यावर पडले. मावशीही पडली, कोपर सोलवटलं. ती उठली, सायकल ढकलत शिंप्याकडे गेली, त्याचं मशीन लावून दिलं आणि मगच घरी आली.

शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, तसं झालं. मामा दारातच म्हणाला, "आता पुरे. मशीनच्या शोरूममध्ये तुला बसायला खुर्ची देतायत. पंखा आहे. लोक मशीन घेऊन तुझ्याकडे येतील."

"जे मशीन उचलून आणता येतं त्याला माझी गरज नसते," मावशी कोपर धूत म्हणाली. "पेडल तुटलंय, पाय नाही."

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः बाजारात जाऊन पेडलची जोडी घेऊन आला. धातूची, रुंद, चकचकीत. मावशीला इतकं बरं वाटलं की तिने त्याला चहा करून दिला, जे ती एरवी करत नाही. जुनी पेडलं काढून नवी बसवली. ती छान बसली. तिने सायकलची घडी घातली, कोनाड्यात सरकवली, आणि सायकल कडेच्या बाहेर आली. एक इंच.

जुनी पेडलं दुमडून क्रँकला चिकटायची. ही दुमडतच नव्हती.

"अरेरे," मामा म्हणाला. "पण नियम म्हणजे नियम. स्वतःच्याच बहिणीला सूट दिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. शनिवारपर्यंत काय ते बघ, नाहीतर सायकल हलवावी लागेल."

हलवायची कुठे? तेरा किलो चार मजले चढवणं तिच्या गुडघ्यांना जमणार नव्हतं, आणि रस्त्यावर ठेवली तर दोन दिवस टिकली नसती. सायकल गेली की मागोमाग शोरूमची खुर्ची ठरलेलीच होती. मला मामाचा इतका राग आला की मी जेवताना त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही, याचा आणखी राग आला.

शुक्रवारी मी रजा टाकून मावशीबरोबर निघाले. नवी पेडलं काढून ठेवलेली सायकल ती ढकलत होती, आणि तुटलेल्या पेडलचा दांडा तिने रुमालात बांधून घेतला होता.

पहिला दुकानदार म्हणाला, "आजी, या सायकलचं पेडल मिळत नाही. नवीन सायकल घ्या." मावशीने 'आजी' ऐकून घेतलं, सल्ला नाही. मग त्याने एक जोडी दिली. मावशीने पेडल क्रँकच्या भोकात घालून बोटांनी फिरवलं. ते लडबडत आत गेलं. दांडा बारीक होता, लहान मुलांच्या सायकलचा.

"चिकटटेप गुंडाळा की," तो म्हणाला.

"तुमच्या दाताला गुंडाळा," असं ती दुकानाबाहेर आल्यावर म्हणाली. तोंडावर म्हणाली असती तर मला जास्त आवडलं असतं.

मशीनच्या धंद्यात तिचा एक नेम आहे. कुठलाही स्क्रू आधी नुसत्या बोटांनी तीन फेरे आत गेला पाहिजे, तोवर पान्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दुकानदाराला हा नेम ठाऊक नव्हता. जाडी बरोबर होती, पण त्याने उजवं पेडल डाव्या बाजूला लावलं, ते अडल्यावर सरळ पाना घेतला आणि जोर लावायला वाकला. मावशीने त्याचं मनगट धरलं.

"डावीकडचे आटे उलटे असतात. नाहीतर चालवता चालवता पेडल आपोआप सुटेल. आता जोर लावलात तर क्रँकच जाईल, आणि मग खरंच नवीन सायकल."

"मी वीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, मावशी."

"मग वीस वर्षांत किती क्रँक घालवलेत?"

तिसऱ्या दुकानातल्या बाईने काही न बोलता दुमडणाऱ्या पेडलची एक जोडी समोर ठेवली. पेडलांवर डावं-उजवं कोरलेलं होतं. मावशीने रुमालातला दांडा शेजारी धरून जाडी ताडून पाहिली. डावं पेडल डावीकडे, बोटांनी उलटं फिरवलं: एक, दोन, तीन फेरे, लोण्यासारखे. उजवंही तसंच. मग तिने पाना मागितला, दोन्ही घट्ट केली आणि एकेकावर सगळा भार टाकून उभी राहिली. पेडल उघडं धरून ठेवणारी खिट्टी सुटली नाही. शेवटी दुमडून शिवणकामाच्या फितीने जाडी मोजली. मोजताना तिचा हात थांबला.

"दादाकडे टेप होती," ती म्हणाली. मग पैसे दिले आणि सायकल सरळ घराकडे वळवली.

संध्याकाळी मामा खाली उभाच होता. मावशीने घडी घालून सायकल कोनाड्यात सरकवली. कडेच्या आत बोटभर जागा उरली.

"मोज," ती म्हणाली.

"दिसतंय की."

"तू मोज, दादा. त्या दिवशी पेडलंही मोजूनच आणली होतीस ना?"

"चुकून झालं ते."

"तुझ्या हातून इंच चुकला असता तर अर्ध्या गावाला पाणी मिळालं नसतं."

मामाने टेप बाहेर काढली, उगाच लांब केली, परत गुंडाळली. मग भिंतीकडे बघत बोलला. "मंगळवारी शिंप्याचा फोन आला. म्हणाला, रक्त येतंय आणि बाई ऐकत नाहीत. तू येईपर्यंत दोन तास मी खिडकीत उभा होतो. तू गेलीस तर या घरात मी भांडू कुणाशी?"

मला वाटलं मावशी विरघळेल. तिचे डोळे भरलेही. पण आवाज नाही बदलला.

"मग भीती वाटते असं सांग. मला फसवू नकोस. तुझी भीती तू सांभाळ, माझे पाय मी सांभाळते. आणि त्या शोरूमवाल्याला उद्या तूच फोन करून नाही सांग. खुर्ची तू मागितलीस, मी नाही."

शनिवारी सकाळी त्याने माझ्यासमोर फोन केला. तोवर मावशी हत्यारांची पिशवी अडकवून निघालीही होती. आमच्या खिडकीखाली येताच तिने दोनदा घंटी वाजवली. मामा फोन हातात तसाच धरून खिडकीशी गेला.

ती आता रोज तशीच वाजवते, जाताना दोनदा आणि परत येताना दोनदा. घंटीबद्दल एक नियम लिहायला हवा, असं मामा म्हणतो. अजून लिहिलेला नाही. संध्याकाळी तिला पाच मिनिटं उशीर झाला, तरी तो खिडकीत उभा असतो.