दोनशे लग्नाळू आणि एक फ्लॉपी

एका मंगळवारी दुपारी मी आमच्या समाजातल्या दोनशे लग्नाळू मुलामुलींना पुसून टाकलं.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. पांढुर्ण्याला काकांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, आणि नागपूरला तीन महिन्यांचा कोर्स केल्यामुळे मी त्याचा सर्वेसर्वा होतो! काका समाजाच्या मंडळाचे सचिव. सौंसरच्या परिचय मेळाव्याची पुस्तिका कॉम्प्युटरवर करू, हे मीच सुचवलं. (सौंसरच्या एका मास्तरांची मुलगी माझ्या मनात भरली होती, आणि पुस्तिकेत नाव असेल त्याच मुलाचा विचार करू, असं मास्तरांनी सांगितलं होतं!)

यादी दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायची होती. त्याआधी मोठ्या हौसेनं मी जुनं सॉफ्टवेअर पुसून नवं टाकलं आणि यादी उघडली. कोरी! नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्याला ट्रंक कॉल लावला.

"पुसायच्या आधी उतरवून घ्या लागते जी," तो म्हणाला. "पण घाबरता काहून? यादीची जुनी फ्लॉपी हाय ना?"

"हाय ना!"

कपाटातून फ्लॉपी काढली. तिच्या खिडकीतून आत हळद, कुंकू आणि चिकटलेल्या चार अक्षता!

"काकू!!"

"दसऱ्याले पुजली ना मी," काकू शांतपणे म्हणाली. "तूच म्हणे, मशीनचा सारा जीव ह्याच्यात हाय. मंग जीव सोडून टिनाले हळद लावू का?"

पुसून पुसून फ्लॉपी आत घातली. मशीननं डाळ भरडल्यासारखा आवाज काढला आणि फ्लॉपी वाचायला साफ नकार दिला. आवाज ऐकून काका धावत आले.

"काय झालं बे?"

"यादी गेली, काका."

"गेली? अबे, मंग फॉर्म काढ ना! पुन्हा टाइप कर!"

फॉर्म! कॉम्प्युटरमध्ये सगळं गेलं, आता कागद कशाला, असं म्हणून ते मीच काकूला बंबात घालायला दिले होते. दोनशे जणांच्या भवितव्यावर पाणी तापवून आम्ही दिवाळीची अंघोळ केली होती! काका मटकन खुर्चीत बसले.

"सारा समाज येऊन राहिला सौंसरले. काय दाखवू त्याईले? तुझं थोबाड?"

माझ्या डोळ्यांपुढे मास्तरांच्या मुलीनं भलत्याच्याच गळ्यात हार घातला. मला रडू यायचंच बाकी होतं.

"जाळायच्या आधी मी सारे वाचले," काकू म्हणाली. "लिही रे मधू. रामाकोना गावची शालू. मॅट्रिक. रंग सावळा, पण हाताले चव हाय. आजीले दमा."

"आजीचा दमा कशाला, काकू?"

"लोक इचारतात. लिही!"

रात्री उशिरापर्यंत काकूनं दोनशेच्या दोनशे सांगितले! लोधीखेड्याच्या एकाचं मोडलेलं लग्नही निघालं, जे फॉर्मात नव्हतंच. काका आ वासून ऐकत होते. शेवटी माझं नाव आलं. (फॉर्मात मी वय सत्तावीस आणि 'कॉम्प्युटर इंजिनिअर' असं लिहिलं होतं.)

"वय एकतीस," काकू म्हणाली.

"काकू!"

"माह्या हातावर जन्मला तू. शिक्षण, तीन महिने. स्वभाव चांगला. पण काही सांभाळाले देऊ नये."

काका पाठीशी उभे राहून पडद्याकडे पाहत होते, त्यामुळे मला अक्षर न् अक्षर टाइप करावं लागलं. आता लग्न विसरायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मेळाव्यात मास्तरांनी माझ्या नावावर बोट ठेवलं, चष्मा सारखा केला आणि मजकूर तीनदा वाचला.

"इतकं खरं कोणीच लिहिलं नाही जी," ते काकांना म्हणाले. "पोरगी दिली! पण एक अट हाय. लग्नाच्या पाहुण्यांची यादी जावयाच्या हाती देऊ नका!"